कोंदणाची मर्यादा

मर्यादा हा शब्द आपल्या भाषेत दोन अर्थांनी वावरतो. एका अर्थाने ती कुंपण आहे. येथपर्यंत ये, पुढे पाऊल टाकू नकोस, असे ती सांगते. दुसऱ्या अर्थाने ती भूषण आहे. प्रभू रामचंद्रांस आपण मर्यादापुरुषोत्तम म्हणतो, तेव्हा त्यांना कोणी अडकवून ठेवले होते असा विचारही आपल्या मनास शिवत नाही. बंधन आणि भूषण हे दोन अर्थ एकाच शब्दात कसे नांदतात, आणि कोणती मर्यादा बंधन ठरते व कोणती भूषण, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या विषयास आम्ही जो दृष्टान्त घेणार आहोत तो पुराणातील नाही, संगणकावरील एका खेळातील आहे. हे वाचून काही वाचक कदाचित भुवया उंचावतील. परंतु दृष्टान्ताची पारख त्याच्या कुळावरून करू नये. कुंभाराचे चाक, जात्याचा खुंटा, बाजारातला तराजू यांतून आमच्या कीर्तनकारांनी वेदान्त उलगडला. मग घरातील मुले ज्या खेळापायी रात्री जागवितात, त्याच्या नियमांत विचार करण्याजोगे काही असेल, तर ते आपण का पाहू नये?

'डायाब्लो २' हा खेळ ब्लिझर्ड या अमेरिकी संस्थेच्या कॅलिफोर्नियातील शाखेने रचला व तो २००० साली प्रसिद्ध झाला. २००१ साली 'लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन' ही त्याची पुरवणी निघाली, आणि २०२१ साली तोच खेळ नव्या चित्रांनिशी 'डायाब्लो २: रिसरेक्टेड' या नावाने पुन्हा प्रकट झाला. कथा साधी आहे. एक वीर असुरांनी ग्रासलेल्या प्रदेशांतून हिंडतो, त्यांचा संहार करतो, आणि पडलेल्या असुरांपासून त्याला तलवारी, चिलखते, ढाली, शिरस्त्राणे मिळतात. यांतील काही वस्तूंना छिद्रे असतात. इंग्रजीत त्यांस सॉकेट म्हणतात; आमच्या सोनाराच्या पेढीवरचा शब्द वापरायचा तर कोंदण. या कोंदणात खेळाडू रत्ने बसवितो, किंवा 'रून' नावाचे अक्षरांकित खडे बसवितो. उत्तर युरोपातील प्राचीन लिपीच्या अक्षरांस रून म्हणत, त्यावरून हे नाव घेतले आहे. खेळातील रून एकूण ३३. पहिला एल आणि शेवटचा झॉड. एकेका रूनला स्वतःचा काही गुण आहेच. परंतु ठराविक रून ठराविक क्रमाने बसविले असता त्यांचा एक शब्द बनतो, आणि त्या शब्दाचे सामर्थ्य सुट्या अक्षरांच्या बेरजेहून कितीतरी अधिक असते.

आता मर्यादेकडे वळू. कोणत्या वस्तूस किती कोंदणे असू शकतील, हे खेळाडूच्या इच्छेवर सोडलेले नाही. पहिली मर्यादा जातीची: चिलखतास व ढालीस अधिकात अधिक ४, शिरस्त्राणास ३, शस्त्रास ६, जोडे, हातमोजे, पट्टा, अंगठी यांस एकही नाही. दुसरी मर्यादा त्या त्या नमुन्याची: सर्वच तलवारींना सहा मिळतात असे नव्हे, एखादीला चारच. तिसरी मर्यादा वस्तूच्या पातळीची. वस्तू ज्या असुरापासून पडली त्याची पातळी ती तिची पातळी. आणि १ ते २५, २६ ते ४०, ४१ व त्यापुढे अशा तीन टप्प्यांनी कोंदणांची कमाल संख्या बदलते. ज्या साध्या वस्तूस कोंदण नाही ती हॅरोगाथ नगरातील लार्झुक नावाच्या लोहाराकडे नेली, तर तो तिच्या मर्यादेइतकी सर्व कोंदणे पाडून देतो. हा प्रसाद प्रत्येक वीरास खेळाच्या तीन काठिण्यपातळ्यांवर एकेकदा, म्हणजे सर्व मिळून तीनदाच मिळतो. दुसरा मार्ग होराड्रिक क्यूब या जादूच्या पेटीचा. चिलखतासोबत टाल व थुल हे रून आणि एक परिपूर्ण पुष्कराज त्या पेटीत घातला, की कोंदणे पडतात, पण किती ते दैवाधीन. एक ते सहा यांतील एक आकडा निघतो, आणि तो मर्यादेबाहेर गेला तर मर्यादेवर आणून थांबविला जातो. लोहार असो वा पेटी, एकदा पडलेले कोंदण बुजविता येत नाही.

येथवरचे वर्णन ऐकून सामान्य बुद्धी म्हणेल की, मग ज्याची मर्यादा मोठी ती वस्तू श्रेष्ठ. सहा कोंदणांची तलवार चार कोंदणांच्या तलवारीहून चांगली, हे काय सांगावयास हवे? परंतु या खेळाची खरी शिकवण येथेच आहे. रूनशब्द साधावयाचा तर कोंदणांची संख्या त्या शब्दाच्या अक्षरांइतकीच असावी लागते. एक कमी चालत नाही, आणि एक अधिकही चालत नाही. 'स्पिरिट' हा शब्द टाल, थुल, ऑर्ट, ॲम्न या चार रूनांचा आहे. क्रिस्टल सोर्ड ही तलवार खेळाच्या आरंभीच्या भागात २६ ते ४० या पातळीची मिळाली, तर लोहार तिला नेमकी चार कोंदणे पाडतो व शब्द सिद्ध होतो. तीच तलवार पुढे ४१ वा त्याहून वरच्या पातळीची मिळाली, तर तोच लोहार तिला सहा कोंदणे पाडतो, आणि त्या शब्दासाठी ती कायमची निरुपयोगी होते. अधिक बलाढ्य असुरापासून मिळालेली, अधिक वाव असलेली वस्तू हातातील कामास अपात्र, आणि कमी मर्यादेची वस्तू पात्र!

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. 'एनिग्मा' हा चिलखताचा शब्द जाह, इथ, बेर या तीन रूनांचा. तो धारण करणारा कोणीही असो, त्यास क्षणार्धात एका जागेवरून दुसऱ्या जागी प्रकट होण्याची विद्या प्राप्त होते. मेज प्लेट नावाच्या चिलखतास कधीही तीनपेक्षा अधिक कोंदणे पडत नाहीत. आर्कन प्लेट हे त्याहून भारी चिलखत. त्याची मर्यादा चार. परिणाम असा की, मेज प्लेट लोहाराकडे दिले की निश्चितपणे तीन कोंदणांचे होऊन परत येते. आर्कन प्लेट दिले तर चारांचे होते आणि शब्द हुकतो. पेटीचा आश्रय घेतला तर आर्कन प्लेटला तीनच कोंदणे पडण्याचा संभव सहांत एक. मेज प्लेटचे उणेपण हेच त्याचे मोल झाले.

या शब्दाच्या घडणीतही एक अर्थ दडलेला आहे. जाह हा ३१ वा रून आणि बेर ३० वा. दोन्ही इतके दुर्मिळ की खेळाडू महिनोन्महिने त्यांच्या शोधात असतात. त्यांच्या मध्ये बसणारा इथ हा मात्र अवघा ६ वा, कोणासही सहज मिळणारा. पण तो मध्ये नसेल, तर त्या दोन महारथींना शब्द उच्चारता येत नाही. शिवाय हे सर्व शब्द साध्या वस्तूंतच साधतात. ज्या तलवारीत मुळातच जादू आहे, जी दुर्मिळ म्हणून मिरवते, तिच्यात तेच रून त्याच क्रमाने बसविले तरी शब्द उमटत नाही. जिच्याजवळ स्वतःचे म्हणून काही वैभव नाही, तिलाच दुसऱ्याचा शब्द पूर्णपणे धारण करता येतो. पात्र आणि पात्रता हे दोन शब्द आपल्याकडे एकाच कुळातले आहेत. भांडे रिकामे आणि नेमक्या मापाचे असणे हीच त्याची पात्रता.

तेव्हा पहिला निष्कर्ष असा: मर्यादा मोठी की लहान हा प्रश्नच मुळी अपुरा आहे. कोणत्या कार्यासाठी, हे विचारल्याशिवाय त्यास उत्तर नाही. आमच्या वकिलीच्या व्यवसायात हे नित्य दिसते. मृत्युपत्र करणारा गृहस्थ म्हणतो, सर्व शक्यता लिहून ठेवा. आणि शेवटी त्या अधिकच्या कलमांच्या फटींतूनच भाऊबंदांचे दावे उगवतात. जे सांगावयाचे त्याच्या मापाचा दस्तऐवज असावा. त्याहून मोठा झाला तर तो अधिक सांगत नाही, काहीच धड सांगत नाही.

दुसरी गोष्ट क्रमाची व अपरिवर्तनीयतेची. अक्षरे तीच, क्रम चुकला, तर शब्द हरपतो. 'नदी'तील अक्षरे उलटली की 'दीन' उरते. वाल्मीकींच्या कथेत 'मरा मरा' म्हणता म्हणता 'राम राम' झाले, ही भक्तिमार्गाची उदारता. खेळाच्या पेटीला अशी करुणा नाही. चुकीच्या क्रमाने बसलेले रून आपापला किरकोळ गुण देत राहतात, शब्द मात्र कधीच होत नाही. चूक निस्तरण्याचा एक उपाय आहे: हेल हा रून व नगरास परतण्याची मंत्रपत्रिका यांसह ती वस्तू पेटीत घालावी. त्याने कोंदणे मोकळी होतात. परंतु आत बसविलेले रून नष्ट होतात. वस्तू परत मिळते, तिच्यात घातलेले आयुष्य मिळत नाही.

कठोर वाटणाऱ्या या नियमानेच निवडीस किंमत येते. याच्या उलट प्रकार न्यूझीलंडमधील एका संस्थेने २०१३ साली काढलेल्या 'पाथ ऑफ एक्झाइल' या खेळात पाहावयास मिळतो. तेथेही कमाल संख्या ठरलेली आहे: चिलखतास सहा, शिरस्त्राण, हातमोजे व जोडे यांस चार, एका हाताच्या शस्त्रास तीन. मात्र मर्यादेच्या आत कोंदणांची संख्या पुन्हा पुन्हा पालटता येते. 'ज्वेलर्स ऑर्ब' नावाचा एक गोळा खर्च करावा, नवा आकडा पडतो. पसंत नसेल तर दुसरा खर्च करावा. हा उदार नियम वाटतो खरा. पण त्यातून खेळाडूची मुक्तता होत नाही. सहाचा आकडा पडेपर्यंत तो गोळ्यांमागून गोळे उधळीत राहतो. जेथे पुन्हा एकदा म्हणण्यास आडकाठी नाही, तेथे पुरे म्हणणे हेच सर्वात अवघड होऊन बसते. यांतील एक नियम चांगला व दुसरा वाईट असे आमचे म्हणणे नाही. पहिला विचार करावयास लावतो, दुसरा संयमाची परीक्षा पाहतो, इतकेच.

आता आपण या विवेचनाच्या अवघड भागाशी आलो. मर्यादेचे गुणगान येथवर केले. पण मर्यादा घालणाऱ्यास प्रश्न विचारण्याचा अधिकार मर्यादितास आहे की नाही? आमच्या मते आहे, आणि पहिला प्रश्न असा की, ही मर्यादा जाहीर आहे काय? मूळ खेळात वस्तूची पातळी तिच्यावर कोठेही लिहिलेली नसे. खेळाडू आपला एक प्रसाद खर्च करून बसे, आणि मग त्यास कळे की तलवारीची जन्मपातळी हव्या त्या टप्प्यात नव्हती. पुढे कोष्टके प्रसिद्ध झाली, तेव्हा जाणत्यांची सोय झाली. अजाणांची फसगत चालूच राहिली. नियम होता, परंतु ज्याच्यावर तो चालावयाचा त्यास तो दिसत नव्हता.

आमच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न खेळापेक्षा गंभीर रूपाने आला होता. जयपूर संस्थानात १९२३ साली मंत्रिमंडळाच्या ठरावाने अफूविषयक कायदा संमत झाला, पण तो कधी प्रसिद्धच झाला नाही. त्याखाली हरला नावाच्या इसमास दोषी ठरविण्यात आले. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस पूर्वी नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. ज्या कायद्याची प्रजेस वार्ताच नाही, त्याने प्रजेस बांधणे हे नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे, असा त्या निकालाचा आशय. लपलेली मर्यादा ही मर्यादाच नव्हे. तो सापळा होय. लक्ष्मणाने रेषा ओढली, ती सर्वांस दिसेल अशी ओढली, म्हणून तिला कथेत नैतिक अर्थ प्राप्त झाला.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे, आणि या नियतकालिकाच्या वाचकांपुढे तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. वस्तूची मर्यादा ती जेथे पडली तेथेच ठरते, पुढील कोणत्याही पराक्रमाने ती बदलत नाही, हे ऐकून एखादा म्हणेल: पाहा, खेळ करणाऱ्या परदेशीयांसही हे उमगले की जन्माने पात्रता ठरते, आणि ज्याने त्याने आपल्या कोंदणाइतकेच मागावे. मनुष्यमात्राच्या बाबतीत हा युक्तिवाद आपल्या समाजात फार काळ चालला, आणि त्याने काय अनर्थ केला हे इतिहास जाणतो.

या युक्तिवादाचे खंडन त्याच खेळात आहे. खेळकर्त्यांनी तलवारीची पातळी जन्मतः ठरविली, वीराची मात्र ठरविली नाही. वीर पहिल्या पातळीवर आरंभ करतो व केवळ स्वतःच्या अनुभवाने ९९ व्या पातळीपर्यंत चढू शकतो. तो कोठे जन्मला, कोणापासून आला, याची कोणतेही कोष्टक चौकशी करीत नाही. प्रत्येक पातळीला त्यास जे गुण मिळतात ते ताकदीत घालावेत की चापल्यात, हे तोच ठरवितो. सर्व विद्या त्यालाही साधत नाहीत, कारण आयुष्य सान्त आहे. पण ही मर्यादा त्याच्या निवडीतून येते, दुसऱ्याच्या शिक्क्यातून नव्हे. तलवारीला इच्छा नाही, तिच्या मनाचा कोंडमारा होत नाही; म्हणून तिला जन्ममर्यादा शोभते. ज्याला 'मी' म्हणता येते त्याच्यावर तलवारीचा नियम चालविणे म्हणजे मनुष्यास वस्तू समजणे होय.

आमच्या राज्यघटनेने हाच भेद मान्य केला. १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. २५ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था हिंदूंच्या सर्व वर्गांस खुल्या करणाऱ्या कायद्यांचा मार्ग मोकळा ठेवला. मुल्की येथील गौड सारस्वतांच्या श्रीवेंकटरमण देवस्थानाचा खटला कोंकणी समाजातील अनेकांस ठाऊक असेल. देवस्थान आपल्या संप्रदायाचे आहे, तेव्हा प्रवेशाचा निर्णय आपला, अशी तेथे भूमिका होती. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने देवस्थान संप्रदायाचे आहे हे मान्य केले, आणि तरीही सर्व हिंदूंचा प्रवेशाचा हक्क वरचढ ठरविला. काही विशिष्ट विधींपुरती संप्रदायाची मर्यादा राखता येईल, मात्र तिच्यामुळे इतरांचा दर्शनाचा हक्क पोकळ होता कामा नये, असे तारतम्यही न्यायालयाने सांगितले. या निर्णयात आम्हांस मर्यादेचा नाश दिसत नाही. मर्यादा योग्य ठिकाणी नेऊन बसविलेली दिसते. विधीला वेळ असावी, सोवळे असावे, क्रम असावा. तो विधीचा आकार आहे. पण गाभाऱ्यासमोर हात जोडून उभ्या असलेल्या माणसास तुझी कोंदणे इतकीच असे सांगण्याचा अधिकार कोणास नाही.

तर मग मूळ प्रश्नाचे उत्तर काय? जी मर्यादा कार्याच्या स्वरूपातून येते, जी सर्वांस आगाऊ ठाऊक असते, आणि जिच्यात राहून निवड करण्यास जागा उरते, ती भूषण. जी लपलेली असते, किंवा वस्तूची म्हणून माणसावर लादली जाते, ती बंधन. मग तिला परंपरेचे कितीही जरतारी वस्त्र पांघरलेले असो. घराण्याची रीत, संस्थेची घटना, देवळाचा रिवाज, मुलांस घातलेला धाक, या सर्वांस हीच कसोटी लावून पाहावी. पुष्कळ रीती तिच्यावर उतरतील. ज्या उतरणार नाहीत त्या सोडताना दुःख होईल, परंतु त्या सोडल्याने मर्यादा मोडली असे होणार नाही.

आणि स्वतःपुरता विचार करताना खेळाडूचा क्रम ध्यानात ठेवावा. अनुभवी खेळाडू तलवार घेऊन लोहाराकडे धावत नाही. कोणता शब्द साधावयाचा ते तो आधी ठरवितो, मग त्याला पुरेल एवढेच पात्र शोधतो, आणि शेवटी आपल्या तीन प्रसादांपैकी एक खर्च करतो. आपण बहुधा उलट करतो: आयुष्यात जितकी कोंदणे पाडून घेता येतील तितकी घेतो, आणि सहा रिकामी छिद्रे हाती आल्यावर आपल्याला चार अक्षरांचाच शब्द म्हणावयाचा होता हे आठवते. शब्द आधी ठरला, तर मर्यादा त्याच्या आड येत नाही.